स्थलांतर आणि मूत्रपिंड

झाशीच्या जुन्या तटबंदीच्या आत बडा बाजार नावाची पेठ आहे. मराठी श्रोत्याला झाशीचे नाव परके नाही. १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी तेथील किल्ल्याच्या आश्रयाने वस्ती वाढविली, पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभेदारी आली, आणि कोकणातून व देशावरून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे बुंदेलखंडाच्या खडकाळ मुलखात कायमची स्थायिक झाली. १८५७ साली वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे झाशीस पोहोचले ते बरीचशी वाट पायी तुडवूनच. त्या काळी माणूस गाव सोडी तेव्हा मुलूख बदले, भाषा बदले. पण त्याचे अन्न, त्याची चाल, त्याची झोप ही फारशी बदलत नसत. घरी दळलेले पीठ, घरी घुसळलेले ताक आणि दिवसाकाठी दोन-चार कोसांची चाल त्याला नव्या गावीही चुकत नसे.

आज बडा बाजारात येणाऱ्या नवख्या माणसाची गोष्ट निराळी आहे. तो मऊरानीपूर, मोठ किंवा गरौठा या तहसिलींतून येतो. दतिया, निवाडी, टीकमगढ, ललितपूर या शेजारच्या जिल्ह्यांतून येतो. बुंदेलखंडाची जमीन कठीण खडकावर पातळ थराने पसरलेली आहे. पावसाळा हुकला की विहिरी उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठतात आणि गावातील तरुण माणसे बाहेर पडतात. कोणी थेट दिल्लीची गाडी धरतो, कोणी झाशीतच एखाद्या दुकानात, गोदामात किंवा हातगाडीवर काम शोधतो. त्याचे गाव तीस-चाळीस मैलांवरच असते. परंतु एवढ्या थोड्या अंतरात त्याच्या शरीराने जो पल्ला गाठलेला असतो, तो पूर्वीच्या माणसाला वरसईहून झाशीला येऊनही गाठावा लागत नव्हता. त्या पल्ल्याचा हिशेब शरीरातील जो अवयव सर्वांत मुकाट्याने ठेवतो, तो म्हणजे मूत्रपिंड.

मूत्रपिंडे दोन असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या कडेशी. प्रत्येकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम, आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी चार-पाच बोटांच्या रुंदीएवढी. एवढ्याशा या जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा सतत जात असतो. दिवसभरात त्यांच्या सूक्ष्म चाळणींतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर पडते. बाकीचे सारे, उपयोगी साखर व क्षार यांसह, परत रक्तात घेतले जाते. म्हणजे टाकाऊ तेवढे वेचून काढून टाकणे असे हे काम नव्हे. सगळेच एकदा बाहेर ओतायचे आणि त्यातले कामाचे पुन्हा उचलून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. एखाद्या व्यापाऱ्याने रोज दुकानातील सर्व माल रस्त्यावर मांडून, पारखून, पुन्हा आत न्यावा, तसा हा व्यवहार चालतो. शिवाय रक्तदाब राखणे, रक्तातील लाल पेशी तयार करण्याची सूचना हाडांतील मगजाला देणे, ‘ड’ जीवनसत्त्व कामास योग्य करणे हीही कामे याच अवयवाची.

चाळणीचे एकेक एकक फार लहान असते. त्याला नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरीने दहा लाख नेफ्रॉन असतात, असे सांगितले जाते. पण ही सरासरी फसवी आहे. कोणाच्या वाट्याला दोन-अडीच लाखच येतात, कोणाच्या वाट्याला वीस लाखांच्या घरात. हे वाटप जन्मापूर्वीच उरकलेले असते. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास नवे नेफ्रॉन तयार होणे थांबते, आणि त्यानंतर आयुष्यभर एकही नवा तयार होत नाही. जे मिळाले त्यावरच संसार करावयाचा.

येथे खेड्याचा आणि शहराचा संबंध प्रथम येतो. आईला गरोदरपणी पुरेसे अन्न मिळाले नाही, तिच्या वाट्याला शेतातील कष्ट सुटले नाहीत, तर मूल कमी वजनाचे जन्मते आणि त्याच्या मूत्रपिंडांतील नेफ्रॉनही संख्येने कमी असतात. बॅरी ब्रेनर या अमेरिकी वैद्यकशास्त्रज्ञाने १९८८ साली सहकाऱ्यांसह असा विचार मांडला की, अशा थोड्या नेफ्रॉनांवर जास्त ओझे पडते आणि त्यातून पुढे रक्तदाब व मूत्रपिंडाचा विकार उद्भवतो. पुढच्या काळात या विचाराला बराच आधार मिळाला. आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, तो या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश टाकतो. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. परंतु पुण्याकडील या किरकोळ बालकांच्या अंगी स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, आतून चरबीचा साठा राखून असलेले, असे हे शरीर असते. टंचाईसाठी घडविलेले हे शरीर जोवर टंचाईत राहते तोवर निभावते. त्याला एकाएकी भरल्या बाजारात आणून बसविले की त्याची घडी विस्कटते.

शहरात आल्यावर नेमके काय बदलते, हे शोधणे वाटते तितके सोपे नाही. शहरातील माणसांची तपासणी केली, खेड्यातील माणसांची केली आणि दोन आकडे शेजारी मांडले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. गाव सोडणारा माणूस बहुधा अधिक धडधाकट, अधिक शिकलेला किंवा अधिक नडलेला असतो; मागे राहणाऱ्याशी त्याची तुलना सरळ नसते. ही अडचण ओळखून आपल्या देशात एक सुंदर युक्ती योजण्यात आली. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर या चार शहरांतील कारखान्यांत काम करणारे, मुळात खेड्यातून आलेले कामगार व त्यांचे जोडीदार निवडले गेले; आणि प्रत्येकाच्या तुलनेला त्याचेच गावी राहिलेले भावंड घेण्यात आले. एकाच आईच्या पोटचे दोघे, एकाच अंगणात वाढलेले. एक नागपूरच्या कारखान्यात, दुसरा गावाकडच्या शेतात. शहरातच जन्मलेले लोकही सोबतीस घेतले. अशा साडेसहा हजारांवर लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

त्या पाहणीत गावी राहिलेल्या पुरुषांपैकी ६.२ टक्क्यांना मधुमेह आढळला. शहरात जन्मलेल्यांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. आणि खेड्यातून शहरात आलेल्यांत १४.३ टक्के. म्हणजे नवा आलेला माणूस दोन्हींच्या मधे कोठेतरी असेल, असा जो सर्वसाधारण समज असतो, तो खोटा ठरला. आलेल्याने शहरवासीयाची बरोबरी तर केलीच, वर किंचित आघाडीही घेतली. लठ्ठपणात आलेला माणूस शहरवासीयाच्या किंचित मागे, पण गावाकडच्यापेक्षा कितीतरी पुढे होता: गावी १९ टक्के, आलेल्यांत ३७.८ टक्के, जन्माने शहरी असलेल्यांत ४१.९ टक्के. याच पाहणीतील माहितीवरून पुढे असेही दिसून आले की, शहरवासाच्या पहिल्या दहा वर्षांत अंगावरची चरबी झपाट्याने वाढते व मग तिचा वेग मंदावतो. रक्तदाब मात्र दशकामागून दशक सावकाश चढत राहतो.

या पाहणीचा मुख्य रोख मूत्रपिंडावर नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण मूत्रपिंड बिघडण्याचे जे दोन हमरस्ते आहेत, मधुमेह आणि रक्तदाब, ते दोन्ही तिने स्पष्ट दाखविले. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या भारतातील बावन्न हजारांवर रुग्णांची नोंद करून २०१२ साली जो अहवाल निघाला, त्यात ३१ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ मधुमेहात होते आणि १३ टक्क्यांचे रक्तदाबात. १६ टक्क्यांत कारणच सापडले नव्हते. त्या १६ टक्क्यांकडे पुढे वळावयाचे आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत आफ्रिकेतील केनिया देशाचा अनुभव बोलका आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या खेड्यांतून नैरोबी शहरात येणाऱ्या लुओ जमातीच्या लोकांचा संशोधकांनी, ते शहरात पाऊल ठेवतात तेथपासून, पाठपुरावा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, रक्तदाब चढावयास वर्षे लागत नाहीत. थोड्याच आठवड्यांत तो गावाकडच्या सोबत्यांपेक्षा वर गेलेला असतो. त्यांच्या मूत्राची तपासणी केली तेव्हा त्यात सोडियमचे, म्हणजे मिठाचे, प्रमाण वाढलेले आणि पोटॅशियमचे घटलेले आढळले. मीठ तयार अन्नातून येते. पोटॅशियम पालेभाज्या, कडधान्ये, कंदमुळे यांतून. शहराने एक वाढविले आणि दुसरे कमी केले.

बडा बाजारातल्या दुकानात कामाला लागलेल्या पोऱ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणला म्हणजे हे कसे घडते ते कळते. गावी त्याची न्याहारी बेसनाची, ज्वारीची किंवा गव्हाची जाड रोटी, सोबत मठ्ठा, एखादी चटणी, हंगामात चाकवताची भाजी. येथे सकाळी समोसा किंवा कचोरी, दुपारी जवळच्या ढाब्यावरचे जेवण, संध्याकाळी नमकीन आणि दिवसभर चहा. एकेका पदार्थात मीठ फार वाटत नाही. गावाकडेही गरीब माणूस मीठ-मिरचीशी रोटी खातोच. तेथील खाणे अळणी असते असे मुळीच नाही. परंतु गावातले मीठ जिभेला कळते आणि शेतात घाम गाळताना बरेचसे निघूनही जाते. कचोरीच्या पारीत, पापडात, शेवेत, लोणच्यात आणि तयार पुडीत दडलेले मीठ जिभेला कळत नाही, आणि पंख्याखाली गल्ल्याशेजारी बसलेल्या माणसाच्या अंगातून ते घामावाटे बाहेरही पडत नाही. ते सर्व मूत्रपिंडालाच काढावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक लहान चमचा, पुरेसे मानले आहे. आपल्या देशात ते दीड-दोन पटींनी खाल्ले जाते.

मीठ जास्त झाले की शरीर त्यासोबत पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतील भरणा वाढतो आणि दाब चढतो. नेफ्रॉनच्या चाळणीस रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि तेथून रक्त नेणारी दुसरी. झाशीच्या तटाला जसे वेगवेगळे दरवाजे होते आणि त्यांवरील पहारेकरी आत येणारी-जाणारी गर्दी आवरीत, तशा या दोन वाटा आपले तोंड आकुंचित किंवा रुंद करून चाळणीवरचा दाब एकसारखा ठेवतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला की येणाऱ्या वाटेच्या भिंती जाड व ताठर होतात, चाळणीला रक्त कमी पोहोचते आणि ती हळूहळू सुकून जाते. मधुमेहात उलट प्रकार होतो. रक्तात साखर फार असली की येणारी वाट ढिली पडते, जाणारी आवळते, आणि चाळणीवर नको तेवढा दाब येऊन ती सुरुवातीला प्रमाणाबाहेर गाळू लागते. या अवस्थेत तपासले तर मूत्रपिंड उत्तम, किंबहुना नेहमीपेक्षा जास्तच, काम करताना दिसते! पण ताणलेल्या कापडाच्या विणीत फटी पडाव्यात तशा तिच्यात फटी पडतात आणि रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन मूत्रात झिरपू लागते. एक नेफ्रॉन निकामी झाला की त्याचे ओझे शेजाऱ्यावर पडते, मग तो थकतो, मग त्याच्या पुढचा. म्हणूनच, ज्याच्या वाट्याला जन्मतः थोडे नेफ्रॉन आले, त्याचे दिवाळे लवकर निघते.

बडा बाजारात दुकानात बसणाऱ्याप्रमाणेच ओझी वाहणारा माणूसही आहे. पल्लेदार, हातगाडीवाला, गोदामातला मजूर यांना लठ्ठपणाची भीती घालणे हास्यास्पद होईल. त्यांच्या मूत्रपिंडावरचे संकट वेगळ्याच वाटेने येते. मे-जून महिन्यांत झाशीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दगडी घरांच्या अरुंद गल्ल्यांत आणि पत्र्याच्या छपराखाली प्रत्यक्ष अंगाला लागणारी धग त्याहून अधिक असते. शेतातही ऊन असतेच. पण शेतकरी उन्हाळ्यात पहाटे कामास लागतो, दुपार झाडाखाली काढतो आणि सांज झाल्यावर पुन्हा उठतो. गाडी भरण्या-उतरविण्याच्या कामाला असे घड्याळ नसते. माल आला की तो उतरलाच पाहिजे, मग भर दुपार असो. घाम लोटतो, रक्त दाट होते, मूत्रपिंडाकडे जाणारा प्रवाह घटतो. एखादा दिवस असे झाले तर मूत्रपिंड सावरते. रोज रोज झाले तर लहान लहान जखमा साठत जातात. मध्य अमेरिकेतील उसाच्या मळ्यांत काम करणाऱ्या, मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होताना आढळली, तेव्हापासून उष्णता आणि कष्ट यांच्या या संयोगाकडे जगाचे लक्ष वेधले गेले आहे. नोंदणीतील त्या कारण न सापडलेल्या १६ टक्क्यांपैकी काही उत्तर या दिशेला असावे, असे अनेक तज्ज्ञांना वाटते. एकमत मात्र झालेले नाही.

घामाने गेलेले पाणी भरून काढणे हा साधा उपाय. पण बाजारात तो साधा राहत नाही. पाणी प्यावे तर लघवीस जावे लागते, आणि जावे कोठे? पुरुष आडोसा शोधतो. दुकानात काम करणारी किंवा रस्त्यावर भाजी विकणारी स्त्री तसे करू शकत नाही. ती सकाळपासून घोटभर पाण्यावर काढते. गावी तिला घरचे पाणी आणि शेताचा आडोसा होता. तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नव्हता, पण होता. लघवी दाट राहिली की तिच्यातील चुन्याचे क्षार खड्यांच्या रूपाने साचतात, आणि ती तासन्‌तास अडवून धरली की जंतूंना वाढावयास सवड मिळते. मूतखडा आणि मूत्रमार्गाचा दाह ही दोन्ही दुखणी वारंवार होत राहिली तर मूत्रपिंडाला इजा करतात. शहराच्या पेठेत स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, या गोष्टीचा मूत्रपिंडाशी थेट संबंध आहे, हे नगरपालिकांच्या कागदपत्रांत क्वचितच लिहिलेले असते.

याहून एक वाईट सवय शहर लावते, ती वेदनाशामक गोळीची. खेड्यात गुडघा दुखला तर तेल चोळून माणूस पडून राहतो. शहरात पडून राहिले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. औषधाच्या दुकानात दोन-चार रुपयांत गोळी मिळते, चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि तासाभरात माणूस पुन्हा पोते उचलतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची ही औषधे. शरीर सुकलेले असताना मूत्रपिंडाकडे येणारी वाट उघडी ठेवण्यासाठी शरीर जो रासायनिक पदार्थ तयार करते, तोच पदार्थ या गोळ्या अडवितात. वेदना कमी होण्याचे रहस्यही त्यातच आहे. म्हणजे घामाघूम, तहानलेल्या माणसाने ही गोळी घेतली की संकटकाळी उघडलेला दरवाजाच तो आपल्या हाताने लावून घेतो. एखाद्या वेळी वैद्याच्या सल्ल्याने घेणे निराळे. महिनोन्‌महिने रोजच्या रोज घेणे निराळे. शिवाय काही भस्मे व घरगुती काढे, विशेषतः कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले, मूत्रपिंडाला अपायकारक ठरल्याची उदाहरणे आहेत. तंबाखूबद्दल वेगळे सांगावयास नको.

एवढे ऐकून गाव म्हणजे आरोग्य आणि शहर म्हणजे रोग असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम् भागात, नारळाच्या बागांमधल्या खेड्यांत, मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे पोखरली आहेत. श्रीलंकेच्या भातशेतीच्या प्रदेशातही तेच. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, बुलढाणा आणि अमरावती या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही इतके खारट, आणि तेथील गावांतून मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी दीर्घकाळ ऐकू येत आहेत. घाना देशातील लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात तर असे दिसले की, युरोपात जाऊन राहिलेल्यांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मायदेशी राहिलेल्यांपेक्षा कमी होता. वजन वाढलेले असूनही. शहर रोग देते तसे रोग ओळखण्याचे साधनही देते. खेड्यातल्या माणसाचा रक्तदाब चढलेला असला तरी तो मोजणारा कोणी जवळ नसतो. प्रश्न एवढाच की शहरात आलेल्या गरिबाच्या वाट्याला यांतले काय येते. बहुधा त्याला शहराचे अन्न मिळते, शहराची धग मिळते, शहराची गोळी मिळते; शहराची तपासणी तेवढी मिळत नाही, कारण तपासणीच्या वेळी दुकान उघडे असते.

आणि हा विकार तर तपासल्याशिवाय कळतच नाही. मूत्रपिंडाची राखीव शक्ती एवढी मोठी आहे की, एक मूत्रपिंड दान करणारा माणूस उरलेल्या एकावर पुढचे आयुष्य नीट काढू शकतो. तीच राखीव शक्ती रोग्याला फसविते. रक्तात क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ वाढलेला दिसू लागतो तो बहुधा निम्मी शक्ती गेल्यानंतर. पायांवर सूज, लघवीस फेस, भूक मरणे, मळमळ, धाप, चेहऱ्यावर पांढुरकी कळा ही लक्षणे त्याहूनही उशिरा उमटतात. चाळिशीचा मजूर धाप लागते म्हणून दवाखान्यात येतो, आणि दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ संपलेली आहेत हे त्याला व डॉक्टरला एकाच दिवशी कळते, असे देशातील बहुतेक मोठ्या रुग्णालयांत पुनःपुन्हा घडते.

वास्तविक लवकर ओळखण्याची साधने महाग नाहीत. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे, रक्तातील साखर पाहणे, क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती काढणे, आणि लघवीत अल्ब्युमिन आहे काय ते पाहणे, एवढी चार कामे. यांतील शेवटचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. कारण अल्ब्युमिन झिरपू लागते ते गाळण्याची शक्ती घटण्याच्या कितीतरी वर्षे आधी. ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्याच्या घरात कोणाला हा विकार झाला आहे, त्याने वर्षातून एकदा ही तपासणी करावी. गाळण्याची शक्ती साठाच्या खाली तीन महिने टिकून राहिली, किंवा तितकाच काळ लघवीत अल्ब्युमिन येत राहिले, तर विकार जडला असे समजतात. त्यावर आज उपायही आहेत. रक्तदाबाची काही औषधे चाळणीतून रक्त नेणारी वाट सैल करून तिच्यावरचा ताण उतरवितात. मुळात मधुमेहासाठी काढलेली, साखर लघवीवाटे घालविणारी नवी औषधे मूत्रपिंडाचा ऱ्हास लांबवितात, हे २०१९ आणि २०२० या वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केले आहे. गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत. उरलेले मात्र वर्षानुवर्षे टिकविता येतात.

तेही निसटले म्हणजे उरते ते प्रत्यारोपण किंवा यंत्र. विल्यम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरतात त्या पातळ पापुद्र्याच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड उभारले; १९५४ साली बॉस्टन येथे जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज यंत्रावर रक्त शुद्ध करणे, म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास, असे करावे लागते. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण परवडत नाही म्हणून दोन खेपांवरच भागवितात. २०१६ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानुसार जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा विनामूल्य देण्यात येऊ लागली, आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले यात शंका नाही.

यंत्र मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी असते. झाशी जिल्ह्याच्या एखाद्या गावातून बडा बाजारात दहा वर्षे राबलेला माणूस आजारी पडला की त्याला गावी न्यावे, घरचे अन्न द्यावे, मोकळ्या हवेत ठेवावे, असे घरच्यांना साहजिक वाटते. तसे नेले तर आठवड्यातून दोनदा-तीनदा पहाटेची बस धरून शहरात यावे लागते, सोबतीला घरातील एक कमावता माणूस लागतो, आणि परतताना थकलेल्या रुग्णाला बसमध्ये बसण्यापुरती जागा मिळेलच असे नाही. म्हणून पुष्कळ कुटुंबे उलट करतात. शेत बटाईने लावून सारेच शहरात येतात, तटाच्या आतबाहेर कोठे तरी एक खोली घेतात, आणि धाकटा भाऊ थोरल्याच्या जागी दुकानात उभा राहतो. सकाळी कामावर जाताना तोही वाटेत कचोरी खातो. त्याच्या रक्तदाबाची नोंद अजून कोणी घेतलेली नसते.